तुकड्यांमधला करार

देवाने यहुद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम याच्याशी केलेला, हिब्रू धर्मग्रंथांतील एक मूलभूत करार. हिब्रू नाव ‘ब्रीत बेन हब्तारीम’. त्याची हकीकत ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आहे. देव दिल्या शब्दाला जागतो, या यहुदी श्रद्धेचा शोध घेताना पुन्हा पुन्हा याच रात्रीपाशी यावे लागते.

अब्राहाम (तेव्हाचा अब्राम) निपुत्रिक आहे. संतती ताऱ्यांसारखी अगणित होईल हे तो मानतो. पण कनान देशाचे वचन मिळताच विचारतो, हा माझा होईल हे मी कशावरून समजू? उत्तरादाखल देव त्याला प्रत्येकी तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका, शिवाय एक होला व पारव्याचे पिल्लू आणायला सांगतो. पक्षी सोडून बाकीची जनावरे मधोमध चिरून अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडले जातात. मांसावर झडप घालणाऱ्या पक्ष्यांना अब्राम हाकलत राहतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, भयाण काळोख दाटतो, आणि कानी येते ते निव्वळ सुखाचे वचन नव्हे: तुझी संतती परक्या देशात चारशे वर्षे दास्य भोगील, मग मोठे धन घेऊन निघेल. अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते.

हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. इ. स. पू. ८व्या शतकातील सिरियातल्या सफीरे येथील आरामी शिलालेखांत शपथ अशी आहे की हे वासरू जसे कापले तसा करार मोडणारा कापला जावो. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायातही वासराच्या भागांमधून चालत गेलेल्या आणि तरीही मुक्त केलेल्या दासांना पुन्हा दास्यात ओढणाऱ्या पुढाऱ्यांना तसाच शाप आहे. म्हणजे तुकड्यांमधून जातो तो स्वतःला बांधून घेतो. इथे अब्राम झोपलेला आहे. जातो तो फक्त अग्नी, देवाचे चिन्ह. वचन देणाराच जामीनही राहतो. सगळ्या अध्यायाचे मर्म या एका दृश्यात आहे.

पुढे सिनाय पर्वतावर इस्राएल लोकांशी झालेला करार वेगळा: तिथे लोकही आज्ञापालनाचे वचन देतात, आणि मोडल्यास शिक्षा आहे. तरी ‘लेवीय’ या पुस्तकाचा २६वा अध्याय म्हणतो की शत्रूंच्या देशातही देव त्यांचा त्याग करणार नाही, पूर्वजांशी केलेला करार स्मरेल. या निष्ठेला हिब्रू शब्द आहे ‘हेसेद’. १३६व्या स्तोत्राच्या २६ ही ओळींत येणारे ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद याच शब्दाचे भाषांतर. पण ‘दया’ थोडी अपुरी पडते. हेसेदमध्ये नाते आणि त्या नात्याचे बंधन दोन्ही आहेत.

ही श्रद्धा सोपी नव्हती. ८९वे स्तोत्र दावीद राजाला दिलेले वचन आठवून देवालाच विचारते, तुझी पूर्वीची हेसेद कुठे गेली? बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना पहारेकऱ्यांच्या चौकात कैद असलेला यिर्मया चुलतभावाकडून अनाथोथचे शेत १७ शेकेल चांदी तोलून विकत घेतो. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी, आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, म्हणजे त्या दीर्घकाळ टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाने सांगितले आहे. शहर इ. स. पू. ५८६च्या सुमारास पडलेच. पडणार हे माहीत असूनही त्याने शेत घेतले, म्हणूनच हा प्रसंग मनात घर करतो.

मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेचा सण असलेल्या वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या पोथीमध्ये, इस्राएलाला दिलेले वचन पाळणाऱ्या देवाची स्तुती करून उत्पत्ती १५मधील याच ओळी म्हणतात. मग मात्झा (बेखमीर भाकरी) झाकून, द्राक्षरसाचा प्याला उचलून, ‘वेही शेअमदा’ म्हणतात: हेच वचन आमच्या पूर्वजांच्या आणि आमच्या पाठीशी उभे राहिले. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत मात्झा बनवणाऱ्या बायका साडीत आहेत.