दायमाबाद

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या काठावरील ताम्रपाषाणयुगीन स्थळ. सिंधू संस्कृतीचा माग दक्षिणेत गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत लागतो, तो येथे. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये हे पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड उजेडात आणले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि शां. अ. साळी यांनी १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने उत्खनन केले.

वस्तीचे थर एकावर एक पाच, त्या त्या काळच्या संस्कृतीच्या नावाने ओळखले जाणारे : सावळदा, उत्तर हडप्पा (हडप्पा म्हणजेच सिंधू संस्कृतीचा अखेरचा टप्पा), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. काळ साधारण इ. स. पू. २२०० ते १०००. उत्तर हडप्पा थरात कच्च्या विटांची घरे, सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि तशीच चिन्हे कोरलेली खापरे मिळाली. कच्च्या विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यातील दफनही याच थरातले.

दायमाबादचे नाव सर्वदूर झाले ते मात्र १९७४ मध्ये सापडलेल्या चार ब्राँझ शिल्पांमुळे. झाडाचे मूळ खणताना ती गावकऱ्यांच्या हाती लागली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. सर्व भरीव ओतकामाचे, एकूण वजन ६० किलोहून अधिक. रथ ४५ सेंमी. लांब असून त्यात १६ सेंमी. उंचीचा पुरुष उभा आहे. रथाच्या लांब दांडीवर एक कुत्राही उभा आहे. एवढे वजनदार ओतकाम करणाऱ्या कारागिरांच्या हातात मुरलेले कसब होते, यात शंका नाही.

ही शिल्पे शास्त्रीय उत्खननात, थरासह मिळाली नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाविषयी वाद आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पाकालीन मानली. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या विश्लेषणावरून शंका घेतली : या ब्राँझमध्ये आर्सेनिक १ टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे मिश्रण आढळत नाही. हा आक्षेप बाजूला सारता येणार नाही. तरीही येथील हडप्पा संबंध या शिल्पांवर अवलंबून नाही. मुद्रा आणि खापरे थरातच मिळाली आहेत.

अखेरच्या जोर्वे काळात वस्ती सर्वांत मोठी होती आणि तिला बुरुजांसह मातीची तटबंदी होती. लाल भांड्यांवर काळी नक्षी, तोटीचे चंबू ही या काळाची ओळख. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे जुळवून त्यांत पुरत. इ. स. पू. १००० च्या सुमारास ही वस्ती उठली.