उन्हात फ्लॅश कशाला?

मे महिन्यातलं सोलापूरचं लग्न. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. अक्षता पडतात, नवरा-नवरी फोटोसाठी मंडपाबाहेर येऊन उभे राहतात, फोटोग्राफर कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवतो आणि गर्दीतून कुणीतरी हमखास ओरडतं, "काय बे, एवढ्या उन्हात फ्लॅश?" थट्टेत विचारलेला असला तरी प्रश्न चांगला आहे. अंधारात फ्लॅश आणि उजेडात नैसर्गिक प्रकाश, अशी सरळ वाटणी आपल्या डोक्यात असते. जाणकार फोटोग्राफर मात्र बऱ्याचदा उलटं करतो. घरात तो माणसाला खिडकीपाशी बसवतो आणि फ्लॅश बंद ठेवतो, भर दुपारी बाहेर मात्र तोच फ्लॅश काढतो.

आधी ऊन बघू. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. हे घडतं ते बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला, ७६ अंशांच्या जवळ आहे. म्हणजे बारा पस्तीसचा मुहूर्त माथ्यावरच्या सूर्याला जवळजवळ गाठूनच येतो. अशा वेळी चेहऱ्यावर काय होतं? कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं तळपतात, डोळे खोबणीतल्या अंधारात जातात. वरून मुंडावळ्या. मोत्यांच्या सरींची सावली गालावर ठिपक्याठिपक्यांनी उतरते आणि नवरीला गोवर उठल्यासारखा दिसतो. उन्हातला गाल आणि सावलीतला डोळा यांच्या उजेडात साधारण आठ पटींचा फरक असतो. समोर उभं राहून बघताना तो आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून सांभाळून घेतात. फोटोत जाणवतो.

आता गणित करू. गालावर ८ भाग प्रकाश आहे, खोबणीत १ भाग. समोरून फ्लॅशचे ४ भाग टाकले, तर ते दोन्हीकडे पडतात. गालावर १२, खोबणीत ५. आठास एक असलेलं प्रमाण अडीचास एकपेक्षाही खाली आलं. सावली उरली, पण डोळे दिसू लागले. याला फिल फ्लॅश म्हणतात.

हे ४ भाग मोजून टाकता येतात, आणि कसे टाकता येतात ही मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. फ्लॅश वापरून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकाच चौकटीवर काढलेले दोन फोटो असतात, एक सूर्याचा आणि एक फ्लॅशचा. फ्लॅशच्या काचनळीत झेनॉन वायू असतो. पेन्सिल सेलच्या सहा व्होल्टपासून आतलं सर्किट सुमारे ३०० व्होल्ट तयार करून कपॅसिटरमध्ये साठवतं. फ्लॅश चार्ज होताना बारीक किणकिण ऐकू येते ती याच कामाची. बटण दाबलं की नळीला काही हजार व्होल्टचा झटका बसतो, वायू क्षणभर विद्युतवाहक होतो आणि साठवलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते. पूर्ण ताकदीवर हा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. ताकद कमी केली तर आणखी कमी, अगदी वीस हजाराव्या भागापर्यंत.

शटर मात्र त्या मानाने आळशी. कॅमेऱ्यात सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला सरकतो तेव्हा सेन्सर उघडतो, दुसरा मागोमाग येऊन तो झाकतो. मोठ्या सेन्सरची २४ मिलिमीटर उंची पार करायला पडद्याला तीन-चार मिलिसेकंद लागतात. म्हणजे त्याचा वेग ताशी वीस-तीस किलोमीटर, जोरात मारलेल्या सायकलीइतका. शटर १/२०० सेकंदावर असेल, तर मध्ये एक क्षण असा मिळतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी उडवायचा. शटर १/१००० वर नेलं, तर पहिला पडदा पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो. सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते, फ्लॅश त्या फटीपुरताच नोंदला जातो आणि बाकी चौकटीला त्याचा स्पर्शही होत नाही. सिंक स्पीड म्हणतात ती मर्यादा हीच, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०.

मर्यादेच्या आत मात्र मजा आहे. शटर १/२०० वरून १/५० वर आणलं, तर सूर्यप्रकाश चौपट नोंदला जातो. फ्लॅश मात्र तेवढाच राहतो, कारण तो केव्हाच उडून विझलेला असतो. म्हणजे शटर फक्त सूर्याच्या फोटोला हात लावतं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक, ते दोघांनाही लावतं. फ्लॅशची ताकद आणि त्याचं अंतर फक्त फ्लॅशच्या फोटोला लावतात. तीन नळ, दोन हौद.

अंतराचा हिशेब शाळेतलाच आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चतुर्थांश होतो. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर असल्याने नवरदेव दोन पावलं मागे गेला तरी त्याच्यावरचं ऊन बदलत नाही, फ्लॅशचा प्रकाश मात्र लगेच बदलतो. अ‍ॅपर्चरचंही तसंच, एफ आकडा (तो जितका मोठा, तितकं भोक लहान) दुप्पट केला की प्रकाश चतुर्थांश. दोन्हीकडे वर्ग असल्याने ते एकमेकांना छेद देतात आणि उरतो साधा भागाकार: फ्लॅशचा गाईड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) भागिले अंतर बरोबर एफ आकडा. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, १/१०० सेकंद आणि एफ/१६ हा जुना ठोकताळा. सिंक स्पीड पाळून त्याचं झालं १/२०० आणि एफ/११. गाईड नंबर ४० असलेला फ्लॅश १.८ मीटरवर धरला, तर ४० भागिले १.८ म्हणजे एफ/२२. आपण ठेवलंय एफ/११, म्हणजे आकडा निम्मा, म्हणून पूर्ण ताकद सूर्याच्या चौपट झाली. चतुर्थांश ताकदीवर तो सूर्याच्या बरोबरीला येतो, अष्टमांशावर निम्मा होतो, म्हणजे आपले ४ भाग. खोक्यावर छापलेला गाईड नंबर मात्र बेतानेच मानावा. तो बहुधा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून, झोत अरुंद असताना मोजलेला असतो. मोबाइलमधल्या एलईडीला या गणितात जागाच नाही. तो मोठ्या ताकदीने क्षणभर लखलखत नाही, बिचारा नुसता पेटतो.

याच वर्गाच्या नियमाने एका भुताचाही निकाल लागतो. गड्ड्याच्या यात्रेत रात्री होम मैदानावर काढलेल्या फोटोंत कधी कधी पांढरट गोल तरंगताना दिसतात. "आत्मे" म्हणून ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आत्म्यांनी नेमका फ्लॅशचाच फोटो का निवडावा? मैदानावर हजारो पायांनी उडवलेली धूळ असते. चेहरा २ मीटरवर, धुळीचा एक कण लेन्सपासून १० सेंटिमीटरवर. अंतर वीस पट कमी, म्हणजे कणावर प्रकाश चारशे पट. शिवाय तो फोकसच्या बाहेर, म्हणून ठिपका पसरून तबकडी होतो. फ्लॅश लेन्सला जितका चिकटून, तितके आत्मे जास्त. फ्लॅश हातभर बाजूला धरला की बहुतेकांना मुक्ती मिळते.

मग खिडकीच बरी असं लोक का म्हणतात? कारण प्रकाश कठोर की मऊ हे त्याच्या उगमावर ठरत नाही. चेहऱ्यावरून बघितलं तर तो किती मोठा दिसतो, यावर ठरतं. सूर्य अवाढव्य असला तरी आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो, म्हणून सावलीची कड धारदार येते. ७ सेंटिमीटर रुंद फ्लॅश २ मीटरवरून दोन अंश दिसतो, म्हणजे सूर्याहून चौपट रुंद, तरी कठोरच. फ्लॅश मीटरभराच्या पांढऱ्या छत्रीवर मारला आणि ती दीड मीटरवर आणली की पस्तीस-चाळीस अंश. खिडकी, ढगाळ आभाळ किंवा समोरची चुन्याची भिंत त्याहून मोठी. छत्री नसेल तर थर्मोकोलची शीट किंवा पांढरा टॉवेल चालतो, आणि टॉवेलांना सोलापुरात काय तोटा? रंगीत चादर मात्र जवळ वाळत घालू नका, गालावर तिचाच रंग चढतो.

युरोपातून आलेले दोन नियम इथे तपासून घ्यावेत. पहिला, उत्तरेच्या खिडकीत कधी थेट ऊन येत नाही. मार्च ते सप्टेंबर सूर्य आपल्याकडे उत्तरेला झुकून उगवतो आणि मावळतो, म्हणून त्या काळात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं. दुसरा, गोल्डन अवर, म्हणजे मावळतीआधीच्या सोनेरी उजेडाचा तास. सूर्य शेवटचे सहा अंश उतरायला, दिवस-रात्र समान असताना, लंडनला चाळीसेक मिनिटं घेतो, सोलापूरला पंचवीसच. भुईकोट किल्ल्यात प्री-वेडिंगला गेलेल्यांची तारांबळ उडते ती इथे. त्या पिवळ्या उजेडात फ्लॅश वापरायचाच, तर त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावावी. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्विनचा असतो, आणि जेल नसेल तर मागे संध्याकाळ आणि चेहऱ्यावर दुपार असा फोटो येतो.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी घातलेल्या मंडळींचे फोटो काढताना हे सगळं सोपं होतं. जानेवारीच्या मध्यावर दुपारचा सूर्य ५१ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे डोळे खोबणीत बुडत नाहीत. पांढरी बाराबंदी छातीवरून उजेड वर उसळवून हनुवटीखालची सावली भरून काढते. घोटाळा होतो तो मोजमापाचा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या छटेवर आणू पाहतो, एवढा पांढरा रंग दिसला की प्रकाश कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. तेव्हा एक्स्पोजर अर्ध्या ते एका स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवावं, बाराबंदीच्या चुण्या अजून दिसतायत ना हे स्क्रीन मोठी करून बघावं, आणि फ्लॅश बॅगेतच राहू द्यावा.