चालढकलीवरचा आळसाचा शिक्का

इंदूरच्या भंवरकुआं भागात राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोल्यांत हे नेहमी दिसतं. मुख्य परीक्षेच्या सरावाचं उत्तर लिहायचं असतं. कोरा कागद समोर असतो. पण आधी टेबल आवरलं जातं, मग नवं वेळापत्रक आखलं जातं, रंगीत पेनांनी, मग ‘जेवून आलो की बसतोच’. रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या घरी त्याला सरळ आळशी म्हणतात. पण आळशी माणूस निवांत असतो. हा मुलगा रात्रभर स्वतःला कोसत असतो.

हा फरक अभ्यासकांनाही उशिराच उमगला. 1977 मध्ये अल्बर्ट एलिस आणि विल्यम नॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चालढकलीचं मूळ विचारांत शोधलं: ‘मला हे उत्तमच जमलं पाहिजे’, ‘एवढा त्रास मला सोसवणार नाही’. 1984 मध्ये लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी विद्यार्थ्यांनाच कारणं विचारली. ठळकपणे दोन पुढे आली, अपयशाची भीती आणि त्या कामाचाच तिटकारा. भीतीने अडलेल्या पोराला ‘ऊठ, अभ्यासाला बस’ म्हणून ओरडलं तर भीतीच वाढणार, हे आईवडिलांनी खरंच ध्यानात घ्यायला हवं.

पुढे फ्यूशा सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी 2013 मध्ये मांडलं की गाडी अडते ती भावना सांभाळताना. काम पुढे ढकललं की घटकाभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते. काहींच्या बाबतीत मुळाशी नैराश्य किंवा एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र ठेवणं अवघड करणारी मेंदूची अवस्था, असते. तिथे नुसतं वेळापत्रक काय करणार?

उपचारही याच समजुतीतून घडले. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी सीबीटी ही मानसोपचार पद्धत स्वीडनमध्ये 150 जणांवर इंटरनेटवरून तपासली गेली. 2015 मध्ये आलेले निष्कर्ष आशादायक होते. पीटर गॉलविट्झर यांची ‘अमुक झालं की तमुक’ ही पद्धत घरीही जमते: चहा संपला की पहिल्या प्रश्नाच्या चार ओळी, बस. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅनडातला 2010 चा अभ्यास. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसरीच्या वेळी कमी टाळाटाळ केली.

तरीही महिनोन्महिने कामं अडत असतील, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.