बाण दिशा सांगतो, तार जोडतं ते नाव

सर्किटचा आराखडा एका पानात मावेनासा झाला की तार पानाच्या कडेला तोडून तिथे नावाचं लेबल लावतात आणि तेच नाव दुसऱ्या पानावर लिहितात. लेबलाला बाणासारखं टोक असतं : इनपुट, आउटपुट किंवा दुतर्फा. एकदा बाण काढला की सिग्नल तिकडेच जाणार, असं शिकणारे बरेच जण धरून चालतात.

सॉफ्टवेअर त्या बाणाकडे ढुंकूनही बघत नाही. किकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लोबल लेबलाचा, म्हणजे सगळ्या पानांवर चालणाऱ्या लेबलाचा, आकार वाचणाऱ्या माणसासाठी असतो. जोडणी होते ती नावावरून. एका पानावर ‘रीसेट’ आणि दुसऱ्यावर ‘आरएसटी’ लिहिलंत की त्या दोन वेगळ्या तारा.

नाव तंतोतंत जुळूनही घोटाळा होतो, तो सीरियल पोर्टवर, म्हणजे दोन चिपा एकेक बिट करून माहिती पाठवतात त्या जोडणीवर. टीएक्स म्हणजे पाठवणारी पिन, पण कोणाची? मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम चालवणाऱ्या चिपच्या) पानावर त्याच्या टीएक्सला ‘टीएक्स’ लेबल, यूएसबी चिपच्या पानावर तिच्याही टीएक्सला ‘टीएक्स’. झालं, दोन आउटपुट एकमेकांना भिडले. गंमत म्हणजे काहीच पाठवायचं नसतं तेव्हा दोघंही तार ५ व्होल्टवर धरून बसतात, त्यामुळे मीटरला सगळं आलबेल दिसतं. एकाने बाइट पाठवायला घेतला की स्टार्ट बिटसाठी, म्हणजे सुरुवातीच्या खुणेसाठी, तो तार शून्यावर खेचतो, दुसरा वर ओढतच राहतो, आणि प्रवाह सरळ एकाच्या पिनमधून दुसऱ्याच्या पिनमध्ये. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे.

सॉफ्टवेअरची विद्युत नियमतपासणी, म्हणजे ईआरसी, हे पकडेल? ती पिनचा प्रकार बघते. आउटपुटला आउटपुट दिसला तर ओरडते; पण मायक्रोकंट्रोलरच्या पिना बहुधा दुतर्फा म्हणून नोंदलेल्या असतात, मग ती गप्प. फोटो टाकला की सर्किट तपासून देणाऱ्या एआयच्या जाहिराती हल्ली फार दिसतात, पण तारेवर पाठवणारा कोण हे आराखड्यातच लिहिलेलं नसेल तर तेही अंदाजच करणार.

आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डमध्ये अशा दोन चिपांमधल्या या तारांवर १ किलोओहमचे रोध आहेत. भांडण झालंच तरी ५ व्होल्टला ५ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह, पिना शाबूत.

मी नावातच पाठवणारा लिहितो : ‘एमसीयू_टीएक्स’ (एमसीयू म्हणजे मायक्रोकंट्रोलर). मग बाण एका पानावर बाहेर जाणारा आणि दुसऱ्यावर आत येणारा काढायचा. किकॅडला सांगितलं तर ते ग्लोबल लेबल आणखी कुठल्या पानांवर आहे, त्यांचे क्रमांकही शेजारी छापून देतं.