अनुभवाधिष्ठित शोधनिबंध (मानसशास्त्र)

लेखकाने स्वतः प्रयोग, निरीक्षण, सर्वेक्षण किंवा मुलाखतींतून जमवलेल्या माहितीचे विश्लेषण करून लिहिलेला निबंध. आढावालेख, सिद्धांताची मांडणी, संपादकीय, पुस्तक-परीक्षण हे या प्रकारात मोडत नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकणाऱ्यांना हा फरक प्रकल्प हाती घेतल्यावरच खऱ्या अर्थाने भेडसावतो. तो पहिल्याच वर्षी शिकवायला हवा.

ओळख पटते ती ‘पद्धती’ या विभागात. शीर्षकावर जाऊ नये. सारांशही कधीकधी चकवतो. प्रतिसादक किती, कसे निवडले, कोणती साधने वापरली, प्रत्यक्ष काय केले, हे पद्धतीत सापडलेच पाहिजे. लिओन फेस्टिंगर व जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९ चा निबंध पाहावा. स्टॅनफर्डच्या ७१ विद्यार्थ्यांना कंटाळवाणे काम देण्यात आले. ‘काम मजेदार होते’ असे पुढच्या माणसाला सांगण्यासाठी काहींना १ डॉलर मिळाला, काहींना २०. तिसऱ्या गटाला असे काही सांगायचेच नव्हते. ११ जणांची माहिती का वगळली, हेही लेखकांनी नोंदवले आहे. उणे ५ ते अधिक ५ या श्रेणीवर कामाच्या आवडीचे मध्यमान १ डॉलरवाल्यांचे १.३५ आणि २० डॉलरवाल्यांचे उणे ०.०५ आले. इतका तपशील हाती आला की शंका उरत नाही. याउलट अब्राहम मॅस्लो यांचा गरजांच्या श्रेणीवरील १९४३ चा निबंध जवळपास प्रत्येक प्रकल्पात संदर्भ म्हणून येतो, पण त्यात ना नमुना (अभ्यासासाठी निवडलेली माणसे) आहे ना तक्ता. तो सैद्धांतिक आहे. त्याला पुरावा म्हणून उभे करणे चूकच.

आकडे नसले म्हणून निबंध बाद होत नाही. मुलाखतींवरचे गुणात्मक संशोधनही अनुभवाधिष्ठितच असते. मेटा-विश्लेषणाबाबत, म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणाबाबत, मात्र मतभेद आहेत. त्यात संख्यात्मक विश्लेषण असते, पण मूळ माहिती इतरांनी जमवलेली असते. म्हणून गाइडना आधी विचारून घ्यावे.

शोध घेताना विषयाचे तुकडे करावेत. खासबाग मैदानात उतरणाऱ्या मल्लांची स्पर्धाचिंता हा विषय असेल, तर ‘रेसलर्स’ आणि ‘कॉम्पिटिटिव्ह अँग्झायटी’ हे इंग्रजी शब्द आधी स्वतंत्रपणे, मग एकत्र टाकावेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सायकइन्फो या सूचीत ‘मेथडॉलॉजी’खाली ‘एम्पिरिकल स्टडी’ (अनुभवाधिष्ठित अभ्यास) निवडता येते. गूगल स्कॉलरमध्ये ही सोय नाही, तिथे प्रत्येक निबंध उघडूनच पाहावा लागतो. पूर्ण मजकुरासाठी पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात (ग्रंथालयात) चौकशी करावी. संस्थांना नियतकालिके वाचायला मिळावीत यासाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना २०२५ पासून सुरू आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके असून राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थाही तिच्या कक्षेत येतात. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध हे नियतकालिकांतले शोधनिबंध नव्हेत, पण त्यांच्या संदर्भसूचीतून चांगले निबंध हाती लागतात.

निबंध अनुभवाधिष्ठित ठरला तरी त्याचे निष्कर्ष पक्के ठरत नाहीत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक (केवळ योगायोगाने आले असण्याची शक्यता कमी असलेले) निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत ते ३६ टक्केच उरले. म्हणून नमुन्याचा आकार आणि साधनांची विश्वसनीयता, म्हणजे त्यांच्या मोजमापातले सातत्य, बारकाईने तपासावी. रेनर मार्टेन्स यांची १९७७ ची स्पर्धाचिंता कसोटी १५ विधानांची आहे. त्यांपैकी १० विधानांनाच गुण दिले जातात. मूळ इंग्रजीतली ही कसोटी तालमीतल्या पोरांना मराठीत दिली असेल, तर भाषांतर कोणी केले आणि मराठी आवृत्तीची विश्वसनीयता किती आली, हे ‘साधने’ या उपशीर्षकाखाली शोधावे. तिथे फक्त मूळ कसोटीचाच विश्वसनीयता गुणांक दिला असेल, तर त्या निबंधातील गुणांवर फार भिस्त ठेवता येत नाही.