वळवाचा ढग, छोटं विमान आणि टॉवरशी बोलणं

एप्रिल-मे महिन्यात कराड, तासगाव, जत या पट्ट्यात दुपारी तीननंतर आभाळ भरून येतं. सकाळपासून तापलेली जमीन, वर चढणारी हवा आणि समुद्राकडून आलेला दमटपणा एवढं जुळलं की तासाभरात काळाकुट्ट ढग उभा राहतो. रानात बेदाण्यावर ताडपत्री ओढायची घाई सुरू असते, तेव्हा वर एखादं चार आसनी विमान असेल तर त्याच्या वैमानिकालाही तेवढीच घाई करावी लागते. सेस्ना १७२ जातीचं विमान जेमतेम १४,००० फुटांपर्यंत चढतं आणि वळवाच्या ढगाचा माथा ४०,००० फुटांच्याही वर जातो. वरून जाणं शक्य नाही आणि खालून जाणं त्याहून धोक्याचं. उरतो तो वळसा. नियंत्रित हवाईक्षेत्रात, म्हणजे नियंत्रकाच्या परवानगीनेच उडायच्या भागात असाल, तर तो विमानतळाच्या टॉवरमधल्या नियंत्रकाकडून रेडिओवर मागून घ्यावा लागतो.

नवख्यांचा इथेच एक समज असतो: ‘टॉवरला सगळं दिसतंय, ढग आला तर सांगतीलच.’ तसं धरून चालू नये. नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाचा ठिपका उमटतो तो मुख्यतः विमानातल्या ट्रान्सपॉन्डरने, म्हणजे रडारच्या हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राने, दिलेल्या उत्तरावरून. ढग ट्रान्सपॉन्डर घेऊन फिरत नाही. लहान टॉवरवर तर रडारही नसतं. तिथला नियंत्रक खिडकीतून दिसेल तेवढं, वाऱ्याची यंत्रं आणि हवामान कार्यालयाचे अहवाल यांवर काम करतो. तुमच्यासमोरचा ढग तुम्हालाच दिसतोय. तो त्याला सांगायचा, आणि आकड्यांत सांगायचा.

बोलणं इंग्रजीत आणि ठराविक क्रमाने होतं: कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवं, कुठवर. उदाहरणार्थ, ‘कराडच्या दक्षिणेला १० मैल, ५,५०० फूट, समोर गडगडाटी ढग, डावीकडे २० अंश वळायचंय, १५ मैलांपर्यंत.’ ‘हवा जरा खराब दिसतेय’ एवढ्यावरून नियंत्रक दुसऱ्या विमानाला बाजूला काढू शकत नाही. वाहिनीवर गर्दी असेल तर ‘वेदर डिव्हिएशन रिक्वायर्ड’ हे शब्द वापरायचे; त्यांना प्राधान्य मिळतं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या गडगडाटी ढगापासून २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, लांब राहायचं, कारण गारा ढगाच्या बाहेरही फेकल्या जातात. ११० नॉट, म्हणजे ताशी ११० सागरी मैल, वेगाने २० मैल ११ मिनिटांत संपतात. म्हणून ढग ४० मैलांवर असतानाच बोलायला सुरुवात करावी.

विजा चमकतात तेव्हा रेडिओ बंद पडतो का? सहसा नाही. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतं आणि विजेचा गोंगाट त्याहून बऱ्याच खालच्या लहरींवर जास्त असतो. जमिनीवरच्या रेडिओ बीकनची दिशा दाखवणाऱ्या जुन्या एडीएफ यंत्राची सुई मात्र बीकन सोडून थेट विजेकडे वळते, तेव्हा वादळात तिच्यावर विसंबू नये. कानात सतत ‘स्स्स’ असा आवाज येऊ लागला तर कारण वेगळं: पाऊस आणि हिमकण पत्र्यावर आपटून विमानावर विद्युतभार साचतो आणि अँटेनाच्या टोकातून निसटू लागतो. तो गुपचूप हवेत सोडण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला बारीक काड्या बसवलेल्या असतात. त्यातली एखादी तुटलेली नाही ना, हे उड्डाणाआधीच्या फेरीत हात लावून पाहायचं.

रेडिओची खरी अडचण उंचीची. या लहरी सरळ रेषेत जातात. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणलं की सागरी मैलांत पल्ला मिळतो: ५,००० फुटांवर ८७ मैल, १,००० फुटांवर जेमतेम ३९. कराड ते कोल्हापूर विमानतळ हे हवाई अंतर साधारण ३८ मैल. म्हणजे ढगाखालून जायला म्हणून कराडवर जमिनीपासून हजार फुटांपर्यंत उतरलात, की कोल्हापूरचा टॉवर पल्ल्याच्या काठावर जातो, आणि मधल्या डोंगरांनी संपर्क तुटूही शकतो. उंची सोडण्याआधी निरोप द्यावा, नंतर नाही.

उत्तर आलं की ते जसंच्या तसं परत म्हणायचं. हा उपचार नाही. धावपट्टी, उंची, दिशा आणि क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात भरायचा दाब, यांत एक आकडा चुकला तरी महागात पडतं. एका हेक्टोपास्कलची (हे दाबाचं एकक) चूक म्हणजे २७ ते ३० फूट, आणि ढगातून खाली आपटलेली थंड हवा पोचली की दाब काही मिनिटांत बदलतो. खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘नायनर’ आणि ‘फाइफ’ म्हणायची पद्धत आहे.

उतरताना त्याच थंड हवेची खरी भीती. सेस्ना १७२ साधारण ६५ नॉटने उतरायला येतं. समोरून येणारा १५ नॉटचा वारा अचानक पाठीमागून १५ नॉटने वाहू लागला, तर पंखांना मिळणारा वेग ३५ वर येतो, आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली वळणाऱ्या झडपा) पूर्ण सोडूनही ४०च्या आसपास उचल संपते. म्हणून अखेरच्या टप्प्यात ‘विंड चेक’, म्हणजे त्या क्षणाचा वारा, टॉवरकडे मागायचा. शंका आली की इंजिनाला पूर्ण जोर देऊन वर निघायचं, आणि दूर जाऊन थांबायचं. एकटा वळवाचा ढग बहुधा ३० ते ६० मिनिटांत ओसरतो. ताशी ३० ते ३५ लिटर इंधन पिणाऱ्या विमानाला पाऊण तास थांबायला २५ लिटरच्या आसपास लागतात. तेवढं टाकीत जादा नसेल तर पावसाळी दुपारी निघूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

रेडिओ गेलाच तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक लावायचा आणि टॉवरकडे पाहायचं: स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या व घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. समजलं हे पंख हलवून सांगायचं. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उतरलात तर आधी फोन करून सुखरूप पोचल्याचं कळवावं. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत खबर आली नाही, तर नियमाने विमानाबद्दल अनिश्चितता जाहीर होते आणि शोधाचे फोन सुरू होतात.