झिरो विड्थ स्पेस काढा, जॉइनरला हात लावू नका

मराठी फाईल ‘साफ’ करणाऱ्या स्क्रिप्ट बघितल्या की बहुतेकींमध्ये तीच एक चूक सापडते. जे दिसत नाही ते सगळं कचरा समजून उडवलेलं असतं.

नल, बेल, फॉर्म फीड ही न दिसणारी नियंत्रण-चिन्हं आणि फाईलच्या तोंडाशी बसलेला बीओएम (मजकुराचं एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) यांची ओळख तुम्हाला असेलच. टॅब आणि नवी ओळ ठेवून ३२ च्या खालच्या क्रमांकाची बाकी सगळी चिन्हं बिनधास्त काढा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, न बसणारे तुटके बाइट आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या आज्ञेला ‘-सी’ हा पर्याय दिला की गळून पडतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. कोणीतरी बाइट मोजून मजकूर कापला की असे तुकडे उरतात.

खरा घोळ होतो तो झिरो विड्थ स्पेस आणि झिरो विड्थ जॉइनर यांच्यात. दोन्ही अदृश्य, दोघांचीही रुंदी शून्य. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, बाइट पाहिले तर पहिला ई२ ८० ८बी, दुसरा ई२ ८० ८डी. फरक फक्त शेवटच्या बाइटचा, पण कामं अगदी वेगळी.

झिरो विड्थ स्पेस म्हणजे ‘इथे ओळ तोडली तरी चालेल’ एवढी सूचना. थाई, ख्मेरसारख्या दोन शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या लिप्यांना ती लागते, मराठीला नाही. वेबपानावरून कॉपी केलेल्या ‘कोल्हापूर’च्या मागे ती चिकटून आली, की एक्सेलमध्ये व्हीलुकअप (तक्त्यात नोंद शोधणारं फंक्शन) जुळत नाही. ट्रिम आणि क्लीन ही फंक्शन्सही तिला काढत नाहीत. ती शोधून काढाच.

जॉइनर मात्र आपल्या लेखनाचा भाग आहे. ‘दऱ्या’तला आडवा अर्धा र अनेक जुन्या फायलींत र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), जॉइनर, य असा साठवलेला असतो. जॉइनर उडाला की उरतं र, हलन्त, य, म्हणजे रफार. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो, स्वयंपाकाच्या आचाऱ्याला दिलेला निरोप आचार्याला जातो. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेकरही गप्प बसतो. म्हणूनच पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘इझप्रिंटेबल’ या ‘चिन्ह छापण्याजोगं आहे का’ बघणाऱ्या तपासणीने मराठी मजकूर गाळणं मला मुळीच मान्य नाही. ते जॉइनर काढतंच, वर नव्या ओळीही खातं.

झिरो विड्थ नॉन-जॉइनर, म्हणजे ई२ ८० ८सी, यालाही हाच न्याय. ‘वाङ्‌मय’मधला ङ चा मोडका पाय तोच जपतो.

नियम सोपा आहे: जॉइनर किंवा नॉन-जॉइनरच्या लगेच आधी हलन्त असेल तर ठेवा, नसेल तर काढा. फाईलमध्ये इमोजी असतील तर तेवढ्यांना हा नियम लावू नका, कुटुंबाचा इमोजी जॉइनरनेच जोडलेला असतो.

माझा आग्रह याच्याही पुढचा आहे. आडवा र ‘ऱ, हलन्त, य’ असाही लिहिता येतो, आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं प्रमाण, त्यालाच मुख्य पद्धत मानतं. जॉइनरची पद्धत जुन्या मजकुरासाठी ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत, आणि एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणारं एनएफसी नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. म्हणून साफसफाईच्या आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या क्रमाच्या जागी सगळीकडे ‘ऱ, हलन्त’ घाला. मग पुढे कोणी आंधळेपणाने जॉइनर उडवले तरी दऱ्या दऱ्याच राहतील.